बागेतली तालीम

हल्ली पुष्कळ गावांत एक नवी गोष्ट दिसते. शाळेच्या मैदानात, देवळापुढच्या पटांगणात किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत लोखंडाची रंगीत साधने बसवलेली असतात. एकावर उभे राहून पाय पुढे-मागे हलवायचे. एकावर बसून पायांनी रेटायचे. एक चाक हातांनी फिरवायचे. लोक त्याला 'ओपन जिम' म्हणतात. आपण त्याला उघड्यावरची तालीम म्हणू.

काही गावांत या साधनांवर सकाळ-संध्याकाळ माणसे दिसतात. काही गावांत मात्र त्यांवर धुणी वाळत घातलेली दिसतात आणि खाली गवत माजलेले असते. असे का होते? साधन तेच, लोखंड तेच. मग एका गावात ते उपयोगी पडते आणि दुसऱ्या गावात गंजून जाते, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला लहानपणीच मिळाले. ते कोणा विद्वानाने दिले नाही. गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या एका कामगाराने दिले. तीच हकीकत या धड्यात सांगायची आहे.

चाळीमागची बाग

आमचे लहानपण मुंबईत दादर भागात गेले. १९७० सालच्या आसपासचा तो काळ. चाळीतली एक खोली आणि तीत आम्ही आठ माणसे. खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, मग खेळायला कोठून असणार? पण चाळीच्या मागे एक लहानशी सार्वजनिक बाग होती. चार गुलमोहर, एक पिंपळ आणि बसायला दगडी बाक. बागेच्या एका कोपऱ्यात लोखंडाचे तीन सांगाडे उभे होते.

पहिला सिंगलबार. दोन उंच खांब आणि त्यांवर एक आडवी दांडी. दुसरा डबलबार. चार खांब आणि त्यांवर छातीइतक्या उंचीच्या दोन दांड्या, शेजारी-शेजारी. तिसरी आडवी शिडी. जमिनीवरची शिडी उचलून डोक्यावर आडवी धरावी, तशी. तिच्या एकेका पायरीला लोंबकळत या टोकापासून त्या टोकाला जायचे.

दांडीचा मधला भाग इतक्या हातांनी घासला होता, की तो चांदीसारखा चकाके. टोकांना मात्र तांबूस गंज. मे महिन्यात दुपारी दांडीला हात लावता येत नसे. पावसाळ्यात ती साबणासारखी निसरडी होई. लोखंडाचा वास हातांना रात्रीपर्यंत राही. पानावर बसलो की आई विचारी, "हात धुतले का रे पोरांनो?" आम्ही दोनदा धुतलेले असत, तरी वास जात नसे.

बागेत सकाळी म्हातारी माणसे येत. पाळी सुटली की गिरणीतले लोक येत. संध्याकाळी आम्ही मुले जात असू. तेथे फी नव्हती. नाव-गाव कोणी विचारीत नसे. ज्याला दोन हात आहेत, त्याने यावे आणि लोंबकळावे.

आधी कुदळ, मग व्यायाम

तेथे रोज सकाळी एक गृहस्थ येत. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते मुंबईस आले होते. शेती थोडी आणि भाऊ चार, म्हणून गिरणीत लागले. सगळी चाळ त्यांना काका म्हणे. लहानपणी ते गावच्या तालमीत लाल मातीत घुमले होते. रात्रपाळी सुटली की झोपायला जाण्याआधी ते बागेत येत. केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत आणि डोळे जागरणाने लाल झालेले असत.

पण ते आल्याबरोबर दांडीला हात लावीत नसत. आधी माळ्याकडून कुदळ मागून घेत. दांड्यांच्या खालची जमीन वीतभर खणून भुसभुशीत करीत. खडे वेचून बाजूला टाकीत. मग हात-पाय धुऊन व्यायामाला लागत.

एकदा आम्ही त्यांना विचारले, "काका, तुम्ही माळी आहात का?"

काका हसले. म्हणाले, "माळी नाही रे. पण पैलवान तालमीत आला, की आधी माती उकरतो आणि मग अंगाला लावतो. माती मऊ असली, तर पडलेल्याला झेलते. दगडासारखी झाली, तर हाड मोडते. पडणार तर सगळेच. पडायची जागा आधी नीट करावी, मग वर चढावं."

काकांचे चार नियम होते. ते आम्हांला अजून पाठ आहेत.

पहिला नियम : आधी खांब हलवून बघायचा. खांद्याने रेटा द्यायचा. खांब हलला, तर त्या दिवशी दांडीला हात लावायचा नाही.

दुसरा नियम : हात कोरडे हवेत. चार बोटे दांडीच्या वरून आणि अंगठा खालून. मूठ पुरी बंद झाली पाहिजे.

तिसरा नियम : ज्याला आपले आपण उतरता येते, त्यानेच वर जायचे. लहान पोराला उचलून दांडीला लटकवायचे नाही. ते घाबरले, की हात सोडते.

चौथा नियम : पाळी सोडायची नाही. दहा अंक मोजून झाले, की खाली यायचे. मग तो हमालाचा मुलगा असो नाहीतर साहेबाचा.

पहिला महिनाभर काकांनी आम्हांला नुसते लोंबकळायला लावले. वीस अंक होईपर्यंत हात सोडायचा नाही, एवढेच. ऐकायला सोपे वाटते ना? करून पाहा. दहा अंकांना हात भरून येतात. पंधराला बोटे उघडू लागतात. आमच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, मग घट्टे पडले. तीन-चार महिन्यांनी एके सकाळी हनुवटी दांडीच्या वर गेली. तेथून पलीकडच्या रस्त्यावरची ट्रॅमची जुनी वाट दिसे. ट्रॅम १९६४ सालीच बंद झाली होती, तरी लोक त्या रस्त्याला ट्रॅमचा रस्ताच म्हणत. रोज पाहिलेला रस्ता त्या दिवशी आम्हांला नवा वाटला.

मुलींनी लोंबकळावे का?

आमची ताई तेव्हा अकरा वर्षांची होती. आम्ही दांडीला लोंबकळत असू आणि ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन बाकावर बसे. एक दिवस तिने भावाला खाली ठेवले आणि आडवी शिडी धरली. न थांबता ती दुसऱ्या टोकाला पोचली. आमच्यातल्या दोघांना ते तोवर जमले नव्हते.

बागेतल्या कोणीतरी ही गोष्ट आईच्या कानांवर घातली. आई रागावली. म्हणाली, "उद्यापासून बागेत जायचं नाही. हातपाय मोडून घेतलास, तर लग्नाच्या वेळी लोकांना काय सांगायचं?"

आईची काळजी खोटी नव्हती. मुलीच्या अंगात खोट निघाली, तर लोक नावे ठेवीत. हे आईने पाहिले होते.

आजी तांदूळ निवडीत बसली होती. ती कोकणातली. नऊवारी लुगडे नेसणारी. ती म्हणाली, "अगो, भात लावताना आम्ही काष्टा खोचून गुडघाभर चिखलात उभ्या राहायचो. झाडावर चढून फणस उतरवायचो. तेव्हा कुणी म्हटलं नाही, की बाईमाणसाला हे शोभत नाही. कामाला चालतं आणि खेळाला चालत नाही, हा कुठला न्याय?"

आई काही बोलली नाही. पण शेवटी असे ठरले, की ताईने सकाळी काका असतात तेव्हा जावे आणि आजीने बाकावर बसावे. आठ-दहा दिवसांत शेजारच्या दोन मुली आल्या. दिवाळीपर्यंत सहा झाल्या. त्यांच्या आयांना मुलींना पाठवायचे होतेच. पण बरोबर कोणी मोठे माणूस हवे होते. आजी बाकावर बसली आणि ती अडचण सुटली.

एक दिवस आजी स्वतःच उठली. डबलबारची एक दांडी दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली बसली आणि हळूहळू उठली. असे पाच वेळा केले. मग म्हणाली, "गुडघ्यांना बरं वाटतंय." पुढे तो तिचा नेमच झाला.

या दांड्या आल्या कोठून?

आम्ही काकांना विचारले, "काका, या दांड्या कोणी शोधून काढल्या?" काका म्हणाले, "ते मला काय ठाऊक? आपल्याकडं मलखांब होता. दांड्या नंतर आल्या असतील." पुढे आम्ही वाचायला लागलो, तेव्हा याचा उलगडा झाला.

दांड्यांची गोष्ट जर्मनीतली आहे. तेथे फ्रीड्रिश लुडविग यान नावाचे एक शिक्षक होते. १८११ साली त्यांनी बर्लिन शहराबाहेरच्या माळावर व्यायामाची एक उघडी जागा सुरू केली. तेथे खांब, दोर, शिड्या आणि आडव्या दांड्या होत्या. दोन दांड्या शेजारी-शेजारी बसवण्याची युक्तीही त्यांचीच. त्या काळी जर्मनीत अनेक लहान-मोठी राज्ये होती. तरुण मुले एकत्र जमतात, बलवान होतात आणि देशाच्या गोष्टी बोलतात, याची राज्यकर्त्यांना धास्ती वाटली. १८२० साली अशा जागांवर बंदी आली. ती १८४२ साली उठली. नंतर हे व्यायाम जगभर पसरले. शहरांतल्या बागांत आणि शाळांच्या मैदानांत दांड्या उभ्या राहिल्या.

मलखांब तर आपल्याच मातीतला. मल्लाचा खांब तो मलखांब. कुस्तीच्या सरावाला जोडीदार नसला, तर खांबाशी झोंबायचे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या खांबाचा उल्लेख येतो. पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या पुन्हा वाढवली. खांब शिसवी किंवा सागवानी असतो. खाली जाड आणि वर निमुळता. शेंड्याला बोंड असते. त्याला एरंडेल चोळतात. दोरीवरही मलखांब करतात.

दादरचे शिवाजी पार्क तुम्ही ऐकले असेल. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचे नाव दिले. त्या मैदानावर समर्थ व्यायाम मंदिर ही संस्था आहे. तेथे मुले आणि मुली मलखांब शिकतात. डोळ्यांनी दिसत नाही, अशी मुलेही तेथे शिकली आहेत. तेथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली 'पद्मश्री' मिळाली. २०१९ साली मलखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली. तिला परदेशांतून मुले-मुली आली होती.

माती टणक झाली

आता चाळीमागच्या बागेकडे परत येऊ. एका वर्षी उन्हाळ्यात काका दीड महिन्याची रजा काढून गावी गेले. गावची जत्रा होती, घरी पुतणीचे लग्न होते. इकडे शाळांना सुटी लागली. बागेत मुलांची झुंबड उडाली. दिवसभर शेकडो पाय त्या जमिनीवर पडत. पण कुदळ कोणी हातात घेतली नाही. माळ्याला वाटले, हे काम काकांचे. मोठ्यांना वाटले, हे काम माळ्याचे. पंधरा दिवसांत जमीन फरशीसारखी झाली.

मे महिन्यात एका संध्याकाळी शेजारच्या चाळीतला नऊ वर्षांचा मुलगा सिंगलबारवरून पडला. घामाने हात निसटला. तो हातावर पडला आणि मनगट मोडले. त्याचे ओरडणे चाळीपर्यंत ऐकू आले. दीड महिना त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. त्याची आई घरकामे करी. दवाखान्याच्या खेपांत तिची दोन घरची कामे सुटली.

आठवड्याने दोन माणसे करवत घेऊन आली. त्यांनी तिन्ही सांगाडे बुंध्यापाशी कापून नेले. जमिनीतून लोखंडाचे खुंट तेवढे वर राहिले. मुले पडतात, म्हणून दांड्याच काढून टाकल्या. त्यामुळे कोणी पडेनासे झाले. पण कोणी चढेनासेही झाले. आजीचा नेम मोडला. ताई पुन्हा बाकावर बसू लागली.

काका गावाहून परत आले. त्यांनी ती जागा पाहिली. जमिनीवर टाच आपटून पाहिली. म्हणाले, "दांडीचा काय गुन्हा? माती मेली होती."

मग ते चाळीत घरोघर गेले. म्हणाले, "नुसतं 'दांड्या द्या' म्हणून मागायचं नाही. आपण काय करू, तेही लिहून द्यायचं." काकांना लिहिता येत नव्हते. अर्ज ताईने लिहिला. काका सांगत गेले आणि ताई लिहीत गेली. अर्जात दोनच गोष्टी होत्या. 'दांड्या पुन्हा बसवाव्यात आणि लहान मुलांसाठी एक बुटकी दांडी वेगळी द्यावी. खालची माती रोज उकरण्याचे काम चाळीतली माणसे पाळीपाळीने करतील.'

त्या अर्जावर ४३ सह्या झाल्या आणि २९ अंगठे उठले. काका म्हणाले, "माझं नाव शेवटी घ्या. मला सही करायची आहे." चार दिवस ते बागेत येऊन उकरलेल्या मातीत काडीने आपले नाव गिरवीत होते. पाचव्या दिवशी त्यांनी अर्जावर सही केली. अक्षरे वाकडी होती, पण नाव पुरे होते.

अर्ज देऊन काम लगेच झाले, असे नाही. तीन वेळा कचेरीत खेपा घालाव्या लागल्या. अर्जाची नक्कल जवळ ठेवली होती, म्हणून 'अर्ज मिळालाच नाही' असे कोणाला म्हणता आले नाही. आठ महिन्यांनी दांड्या आल्या. बुटकी दांडीही आली. चाळीच्या जिन्यापाशी एक पाटी लागली. सोमवारी कोणी माती उकरायची, मंगळवारी कोणी, अशी सात दिवसांची सात नावे तिच्यावर होती. त्यांत दोन नावे बायकांची होती.

म्हणजे पाहा, लोखंड पहिल्याइतकेच होते. बदलली ती एकच गोष्ट. पूर्वी मातीची काळजी एकटा माणूस वाहत होता. आता ती सात घरांत वाटली गेली.

"आम्ही तर रोजच राबतो!"

तुम्ही म्हणाल, "हे शहरातल्या बसून काम करणाऱ्यांना ठीक आहे. आम्ही दिवसभर शेतात राबतो. आम्हांला व्यायाम कशाला?"

तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. शेतकाम हीसुद्धा शरीराची हालचालच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे दम लागेल अशी मध्यम हालचाल करावी. दिवसाला अर्धा तास, असे पाच दिवस. भरभर चालणे, खणणे, ओझे वाहणे हे सारे त्यात धरतात. मुलांनी तर रोज तासभर खेळावे, असे ती संघटना सांगते.

पण तिने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. आठवड्यातून निदान दोन दिवस शरीराच्या सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर लावावा. येथे शेतकाम कमी पडते. खुरपताना आपण पुढे वाकतो. भात लावताना पुढे वाकतो. भारा उचलतानाही पुढेच वाकतो. तेच स्नायू रोज झिजतात. दुसऱ्यांना काम मिळत नाही. दांडीला लोंबकळले, की वाकलेले खांदे मोकळे होतात. पाठ सरळ ताणली जाते. हाताची पकड घट्ट होते. वय वाढले, की हाडे ठिसूळ होतात, बायकांची तर जास्तच. जोर लावणारे व्यायाम हाडांना बळ देतात. तोल सांभाळण्याचे व्यायाम केले, तर म्हातारपणी पडण्याचा धोका कमी होतो.

शिवाय हंगाम संपला, की काम थांबते. पण शरीराची गरज थांबत नाही.

गावात काय करता येईल?

१९८२ साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पुढे अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. काका गावी परतले. तेथे शाळेजवळ त्यांनी दोन सागवानी खांब पुरले आणि वर लोखंडी नळी बसवली. आम्ही एकदा गेलो होतो, तेव्हा पाहिली. खर्च फारसा नव्हता. तुमच्याही गावात हे होऊ शकते. मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. नळी मुठीत मावेल अशी हवी. सव्वा इंच जाडीची पुरे. जस्ताचा मुलामा असलेली नळी लवकर गंजत नाही.

२. खांब निदान अडीच-तीन फूट खोल पुरा. भोवती काँक्रीट घाला. पाणी साचते, तेथे लोखंड जमिनीलगत आधी कुजते. म्हणून बुंध्याला उतार ठेवा.

३. खाली फरशी किंवा काँक्रीट नको. फूटभर वाळू किंवा मऊ माती हवी. ती वरचेवर उकरा.

४. मुलांसाठी बुटकी दांडी वेगळी ठेवा.

५. ओपन जिमची यंत्रे असतील, तर त्यांत वीज नसते आणि वजनाच्या चकत्याही नसतात. बहुतेक यंत्रांत आपण आपलेच वजन उचलतो. त्यांचे सांधे फिरतात, म्हणून त्यांना वेळोवेळी ग्रीस लागते. नट सैल होतात, ते आवळावे लागतात. सांध्यात लहान मुलांची बोटे सापडतात. ही यंत्रे मोठ्यांसाठी असतात. जवळ पाटी असेल, ती वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.

६. बायकांसाठी वेळ ठरवा. पहाटे किंवा संध्याकाळी. दोन वडीलधाऱ्या बायका तेथे बसल्या, तर मुली येतील.

७. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा. हृदयाचा आजार किंवा रक्तदाब असेल, पोटुशी बाई असेल, तर आधी आरोग्य केंद्रात विचारा.

८. यंत्र मोडले, तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा. ग्रामसभेत विषय मांडा. अर्जाची नक्कल जवळ ठेवा. अर्जात आपले मागणे लिहा आणि आपण स्वतः काय करणार, तेही लिहा.

साधन एका दिवसात उभे राहते. ते राखायला मात्र रोज कोणीतरी लागते. ते काम एकट्यावर टाकले, तर तो गावाला गेल्या दिवशी माती टणक होऊ लागते. म्हणून नावांची पाटी लावा. पहिले नाव आपले लिहा.

प्रश्न

१. काका आधी माती का उकरीत?
२. मुलगा पडला, त्याचे खरे कारण कोणते? दांड्या कापून नेल्याने काय साधले आणि काय बिघडले?
३. कामाला चालते आणि खेळाला चालत नाही, असे आजी कशाबद्दल म्हणाली? तुम्हांला काय वाटते?
४. तुमच्या गावात व्यायामाची साधने आहेत का? त्यांचे खांब हलवून पाहा. काय आढळले, ते चार ओळींत लिहा.
५. ग्रामपंचायतीला द्यायचा एक अर्ज पाचजणांनी मिळून लिहा. खाली सह्या करा.